डार्क फायबर : भाड्याची काच, यंत्रे स्वतःची
रस्ता खणण्याचा व परवानगीचा खर्च काचतंतूंच्या किमतीहून पुष्कळ अधिक असल्यामुळे एकाच केबलमध्ये गरजेपेक्षा कितीतरी अधिक तंतू घालून ठेवतात, आणि त्यांतील बरेचसे प्रकाशाविना पडून राहतात. अशा तंतूंची जोडी एखादी बँक वा डेटा सेंटर दीर्घ मुदतीच्या करारनाम्याने घेते, दोन्ही टोकांना स्वतःची यंत्रे बसवते, आणि मग वेग किती ठेवायचा याचा निर्णय सर्वस्वी तिच्याच हाती राहतो. तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर व्यासाचा. तरीही त्यातून निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाशकिरण एकाच वेळी धावतात, म्हणून क्षमता वाढवायची ती यंत्रे बदलून, रस्ता पुन्हा न खणता.

स्टॉकहोम शहराने १९९४ साली ‘स्टोकॅब’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी स्थापून असे तंतू सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देण्यास आरंभ केला. नगरप्रशासनाचा इतका दूरदर्शी निर्णय विरळाच म्हणावा लागेल.

करारावर सही करण्यापूर्वी तंतूंच्या मार्गाचा नकाशा अवश्य मागून घ्यावा आणि तंतू तुटल्यास दुरुस्ती कोणी व किती तासांत करावयाची, हे कलम लेखी असल्याची खातरजमा करावी.