सुट्या पानांची पोथी

३० सप्टेंबर २०१४ या दिवशी ‘ऑर्कुट’ नावाचे समाजमाध्यम कायमचे बंद झाले. २००४ साली निघालेल्या या माध्यमाने आपल्या देशातील कितीतरी तरुणांना दूरदूरच्या स्नेह्यांशी जोडले होते. आपापले साहित्य उतरवून घेण्यास लोकांना मुदत मिळाली हे खरे. परंतु माणसांचा जो मेळा तेथे जमला होता, तो मोडला तो मोडलाच. यात कोणी अन्याय केला असेही म्हणता येणार नाही. घर कंपनीचे होते. आपण सारे तिचे पाहुणे होतो.

पाहुणा न राहता नांदता येईल, अशी काही व्यवस्था संभवते काय? विकेंद्रित समाजमाध्यमे हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

ते समजण्यासाठी टपालाकडे पाहावे. प्रत्येक देशाचे टपालखाते स्वतंत्र, तिकिटे निराळी. तरीही मुंबईस पेटीत टाकलेले पत्र पॅरिसला पोहोचते. कारण १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारापासून परस्परांची पत्रे स्वीकारण्याचे नियम राष्ट्राराष्ट्रांत ठरत आले आहेत. ‘मॅस्टोडॉन’ हे माध्यम याच तत्त्वावर उभे आहे. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी ते २०१६ साली लोकांपुढे ठेवले. त्याला एक मालक नाही. कोणतीही संस्था, विद्यापीठ वा मित्रमंडळी आपला सर्व्हर, म्हणजे अहोरात्र सेवेस उभा असलेला संगणक, चालवू शकते. आणि एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्यावरील माणसाशी बोलू शकतो. या बोलण्याचे ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाचे नियम ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारले. त्या वेळच्या ट्विटरच्या धोरणावर नाराज झालेले अनेक भारतीय २०१९ च्या नोव्हेंबरात मॅस्टोडॉनकडे वळले होते.

शब्द हलके असतात. चित्रफीत मात्र जड. हजार जणांनी ती एकदम मागितली, तर एकाच संगणकाला हजारदा ती पाठवावी लागते. हा भार मोठ्या कंपन्यांना पेलतो, लहान संस्थेचे मात्र कंबरडे मोडते. येथे आपली जुनी पोथी आठवते. पोथीची पाने सुटी असत. एकच पोथी दहा जणांना वाचावयाची असेल, तर एकाने तिसरे पान हाती घ्यावे, दुसऱ्याने सातवे, आणि वाचून होताच परस्परांत फिरवावे. फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ संस्थेच्या ‘पीअरट्यूब’मध्ये नेमके हेच घडते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली. चित्रफितीचे लहान तुकडे होतात, आणि ती एकाच वेळी पाहणाऱ्यांचे ब्राउझर हे तुकडे एकमेकांना देतात. पाहणारा घेता घेताच देणारा होतो. शिवाय, पोथीची नक्कल दुसऱ्या गावी जपावी, तद्वत एका सर्व्हरवरील चित्रफितीची प्रत दुसरा सर्व्हर ठेवू शकतो.

परंतु या व्यवस्थेचे उणेही सांगितले पाहिजे. पाहणारा एकटाच असेल, तर वाटून घ्यावयास कोणी नाही. सारा भार पुन्हा सर्व्हरवरच पडतो. तुकड्यांची देवघेव करणाऱ्यांना परस्परांच्या संगणकाचा आंतरजालावरील पत्ता कळू शकतो. ज्याला हे नको, त्याने ती देवघेव बंद ठेवावी. एकदा इतर सर्व्हरांवर गेलेला मजकूर तेथूनही पुसला जाईलच, याची हमी देता येत नाही. मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलविताना आपले अनुयायी बरोबर येतात, जुने लेखन मात्र मागे राहते. आणि सर्व्हर चालविणारा थकला, त्याचा पैसा सरला, तर त्याचेही दार बंद होते. त्या वेळी एक घर जाते, गाव राहतो, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नव्हे.

म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नाही. सर्व्हरला वीज लागते, देखभाल लागते. अपशब्द आणि अफवा आवरण्यास जागे माणूस लागते. हे सारे फुकट मिळते असे ज्याला वाटते, त्याने पाहुणा म्हणूनच राहावे, आणि यजमान सांगेल तेव्हा निघावे. गावच्या वाचनालयाला आपण वर्गणी देतो आणि प्रसंगी त्याच्या कपाटांवरील धूळही झटकतो. तेवढी तयारी असेल, तरच ही पोथी आपली म्हणता येईल.