सूर्यफूल किरणोत्सर्ग पिऊन टाकत नाही

मार्च 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि त्याच उन्हाळ्यात आसपासच्या शेतांत सूर्यफूल पेरलं गेलं. पिवळ्या शेतांची छायाचित्रं जगभर फिरली आणि सूर्यफूल जमिनीतला किरणोत्सर्ग ओढून घेतं, हा समज पक्का झाला. जपानच्या कृषी मंत्रालयाने मोजणी केली तेव्हा अपघातातून जमिनीत आलेल्या किरणोत्सर्गी सीझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग सूर्यफुलात उतरलेला दिसला. वरची चार-एक सेंटिमीटर माती खरवडल्यावर मात्र सुमारे तीन चतुर्थांश सीझियम गेलं. चेर्नोबिलजवळ सूर्यफुलाने काम केलं होतं हे खरं, पण ते तळ्याच्या पाण्यात, तराफ्यांवर वाढवलेल्या रोपांनी. पाण्यात विरघळलेलं सीझियम मुळाला आयतं मिळतं, मातीला चिकटलेलं मिळत नाही. शिवाय झाडाने उचललं म्हणून ते नाहीसं होत नाही. सीझियम-137 निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, मग ते मातीत असो की कापलेल्या ताटात.

मुळाला किरणोत्सर्ग कळतच नाही. त्याला कळते फक्त रसायनांची ओळख. सीझियम हे पोटॅशियमसारखं वागतं, तर स्ट्रॉन्शियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य कॅल्शियमसारखं. भुकेलं मूळ पोटॅशियम शोधताना चुकून सीझियम उचलतं. म्हणजे पीक किती दूषित होईल हे जमिनीवर किती पडलं याबरोबरच जमीन कसली आहे यावरही ठरतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 2010 च्या संकलनात तृणधान्याच्या दाण्यातलं सीझियम चिकण मातीत सरासरी मातीतल्या प्रमाणाच्या सुमारे एक टक्का, तर वाळूसर जमिनीत चार टक्क्यांच्या आसपास आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसरातली काळी माती या दृष्टीने बरी म्हणावी लागेल. ती बेसॉल्ट खडकापासून झालेली, आणि त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. तिच्यात चिकण भरपूर, चुनखडी भरपूर, आणि पोटॅशही बहुतेक ठिकाणी पुरेसं. त्यामुळे स्ट्रॉन्शियम आणि सीझियमला मुळापाशी मोठी स्पर्धा. यावर एक रास्त आक्षेप येतो: सीझियमला सर्वांत घट्ट पकडते ती अभ्रकाच्या जातीची चिकण, आणि आपल्या काळ्या मातीत मुख्यत्वे आहे मॉन्टमोरिलोनाइट, ज्याची पकड सैल. आक्षेप बरोबर आहे, म्हणून काळी माती सगळं गिळून टाकते अशी फुशारकी नको. दुसरा आक्षेप याहून वजनदार: अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत मुळांचा प्रश्नच नसतो. जे पडतं ते थेट पानांवर. 2011 मध्ये जपानने सर्वांत आधी ज्यांची विक्री रोखली त्यांत पालक होता, आणि तेव्हाची मोठी काळजी होती आठ दिवसांत निम्म्या होणाऱ्या आयोडीन-131 ची. अशा वेळी माती कितीही चांगली असली तरी मेथी-पालकाला ती वाचवू शकत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज म्हणजे किरणांशी संबंध आला की अन्न दूषित. लासलगावच्या विकिरण केंद्रात आंब्यावर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडतात. फळ किरणोत्सर्गी होत नाही, कारण कोबाल्टचा एकही अणू त्यात शिरत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या टीएयू-1 उडदाचंही तसंच. किरणांनी बियाण्याचे गुणधर्म बदलले, मागे किरणोत्सर्ग उरला नाही. खरा नैसर्गिक किरणोत्सर्ग आपण रोज ज्वारीच्या भाकरीतून खातो. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा पोटॅशियम-40 असतोच. मग तो साठत जाईल, असं कोणी म्हणेल. साठत नाही; शरीर पोटॅशियमची पातळी बांधून ठेवतं आणि जादा मूत्रावाटे बाहेर टाकतं.

फुकुशिमाच्या भातशेतीत पुढे उपयोगी पडलं ते पोटॅश खत: मुळाला हवं ते पोटभर मिळालं, की ते सीझियमकडे कमी वळतं. आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळणारं लाल म्युरेट ऑफ पोटॅश ते हेच. त्याच्या 50 किलोच्या गोणीत दर सेकंदाला पोटॅशियम-40 चे साडेसात लाखांहून अधिक अणू क्षय पावत असतात.