डिस्चार्जनंतरची शुश्रूषा

छातीत कळ आली की उरणकराला पूर्वी आधी भरती-ओहोटी पाहावी लागे. मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीला गाळात अडायची आणि रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, त्यामागोमाग कंटेनरच्या रांगा आल्या. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्याच टप्प्यात रायगड जिल्हा आला आणि बायपास, अँजिओप्लास्टी गरिबाच्या आवाक्यात आली. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका धावू लागली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचं उद्घाटन झालं.

रुग्णालय जवळ आलं. पण हृदयरोग्याचे उरलेले दिवस जातात घरात, आणि तिथली काळजी त्या मानाने मागेच राहिली.

अमेरिकन परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी 1971 च्या पुस्तकात या काळजीचाच विचार मांडला. माणूस स्वतःची काळजी घेण्यात जिथे कमी पडतो, तिथे परिचारिकेचं काम सुरू होतं. आयसीयूत सगळं सिस्टर करते. वॉर्डात उठणं, अंघोळ, चालणं दोघं वाटून घेतात. घरी सारं रुग्णाने करायचं. सिस्टरने शिकवायचं, धीर द्यायचा. पुढे 2008 मध्ये बार्बरा रीगल आणि व्हिक्टोरिया डिक्सन यांनी हृदय कमजोर झालेल्यांसाठी हाच स्व-काळजीचा विचार बारकाईने मांडला.

उरणमध्ये त्याची कसोटी स्वयंपाकघरात लागते. करंजा-मोऱ्याच्या घरात ‘मीठ कमी करा’ एवढं सांगून भागत नाही. खारा बांगडा, लोणचं, पापड बंद. ताजी मासळी कमी मिठात चालेल, असं नावं घेऊन सांगावं लागतं, तेही रांधणाऱ्या बाईला समोर बसवून. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पाय सुजले किंवा झोपताना जास्तीची उशी लागू लागली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचे. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर सोडायच्या नाहीत.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी ओरेम परीक्षेसाठी पाठ करतात. डिस्चार्जच्या दिवशी त्याच अभ्यासाला अर्धा तास आणि एक मोकळी सिस्टर मिळायला हवी. पुलाने वाचवलेला वेळ सार्थकी लागायचा, तर हा अर्धा तास उपचाराचाच भाग मानला पाहिजे.