तलावाची श्रीमंती काठाशी

उन्हाळा आला की पूर्व विदर्भातून एक बातमी हमखास येते: अमुक गावच्या तलावाचे खोलीकरण झाले. सोबत जेसीबीचा फोटो. यंदा भंडाऱ्याकडच्या एका वाचकाने विचारले आहे, 'आमच्या तलावात पाणी वाढलं, मग मासळी का घटली?'

हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि हे गोड नाव चिकटले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते साडेसहा हजारांच्या घरात आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले, पण खड्डे खणून नव्हे. उतारावर मातीची पाळ घातली आणि पाणी मागे पसरू दिले. म्हणून हा तलाव पाळीशी खोल असतो आणि दुसऱ्या टोकाला उथळ होत होत जमिनीत विरून जातो.

उत्तर त्या उथळ टोकाला आहे. तिथे ऊन तळापर्यंत पोचते, म्हणून हायड्रिला रुजते, कमळ, शिंगाडा, देवधान उगवते. देवधान म्हणजे आपल्या धानाचा रानटी भाऊबंद. या झाडोऱ्यावर शेवाळ धरते, शेवाळावर किडे, किड्यांवर मासे.

मरळीचेच पाहा. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तळ्याचे डबके झाले तरी तगतो. विणीच्या वेळी जोडी काठच्या वनस्पतींत थोडी जागा मोकळी करते. अंडी तेलकट थेंबामुळे तिथेच तरंगतात आणि बाप राखण करतो. पुढे लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर येतो, तेव्हाही पालक खाली पहाऱ्यावर असतो. माशांमध्ये अशी माया दुर्मीळच! पण खोलीकरणात काठ उभा कापला, वनस्पती गेल्या, की हे घरटे घालायचे कुठे?

उलट रोहू, कटला हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगूल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावली. देशाची मत्स्यशेती त्या सुईवर उभी आहे आणि 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस झाला. तरी हिरालालबाबूंचे नाव शाळेच्या पुस्तकात शोधावे लागते, याची मला खंत वाटते.

मात्र मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या हिशेबात या शोधाची दुसरी बाजूही आहे. रोहूचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. मरळ, शिंगी यांना बीज लागत नाही, फक्त काठ लागतो. भावही मरळीलाच चढा.

काठाचा दुसरा शत्रू बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाची तोडलेली फांदीही मुळे धरते. ते दाट वाढले की गाळ अडतो आणि तलाव कडेकडेने आटत जातो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांसोबत या दुखण्यावर काम केले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांचे. प्रयोगही त्यांच्याच हातचा. ढिवर बायांनी बेशरम मुळासकट उपटली आणि पावसाळा लागताच मूळच्या पाणवनस्पती चिखलात लावल्या, धानाची रोवणी करावी तशा. माझ्या मते हे अव्वल दर्जाचे परिसरविज्ञान आहे आणि शोधनिबंधांत या बायांची नावे असायला हवीत.

गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. तो पाळीच्या बाजूने काढावा, मागचा उतार तसाच सोडावा. वाचकमित्रा, तुमच्या तलावात तो उतार अजून शिल्लक असेल, तर पहिल्या पावसानंतर तिथे जाऊन पाहा. लालसर थवा दिसला, तर मला जरूर कळवा.