एमजीबीची पुढची दांडी: काय करते, काय करत नाही

जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या चाकांना जोडणारी अँटी-रोल बार ही शर्यतीच्या हौशींनी मागाहून चढवलेली वस्तू आहे, अस्सल गाडीला ती शोभत नाही, असं अनेकांना वाटतं. एमजीबी या स्पोर्ट्स कारचा इतिहास वेगळंच सांगतो. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. सुरुवातीच्या उघड्या रोडस्टरला ही दांडी जादा पैसे भरून घेता येई. १९६५ मध्ये आलेल्या बंद छपराच्या जीटीला ती मुळातच होती. मग १९७४ मध्ये अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले, गाडी इंच-दीड इंच उचलली गेली आणि खर्च वाचवण्यासाठी रोडस्टरची पुढची दांडीच काढून टाकली गेली. गुरुत्वमध्य वर चढला आणि नेमका त्याच वेळी कलण्याला आवरणारा भाग नाहीसा झाला. वळणावर गाडी झुकू लागली. शिवाय पाट्यांवर बसवलेला मागचा अ‍ॅक्सल गाडी झुकताना स्वतःही किंचित तिरका होतो, त्यामुळे मागची बाजू अस्वस्थ वाटे. १९७७ च्या मॉडेलला कंपनीने पुढच्या दांडीच्या जोडीला मागचीही दिली. म्हणजे दांडी नसलेल्या त्या रोडस्टरला आज ती बसवणारा मालक गाडीची अस्सलता बिघडवत नाही. कारखान्याने काटकसरीत काढून घेतलेली वस्तू तो तिला परत देतो.

दुसरी भीती हाडं खिळखिळी होण्याची. दांडी लावली की प्रत्येक खड्डा कण्याला जाणवेल, असं सांगितलं जातं. ही दांडी म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, साधारण इंग्रजी यू आकाराचा रॉड. मधला भाग चासीखाली रबरी बुशांमध्ये फिरता धरलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंकने डाव्या-उजव्या विशबोनला, म्हणजे चाक धरणाऱ्या बाहीला, जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर ती बुशांमध्ये नुसती फिरते. तिला पीळ बसतच नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं, तर मात्र पीळ बसतो आणि धक्क्याचा काही भाग पलीकडच्या चाकापर्यंत पोचतो. तक्रारीत तेवढंच तथ्य आहे. गाडीचं वजन ही दांडी पेलत नाही, त्यामुळे बसलेली स्प्रिंग ती वर उचलणार नाही.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज पकडीचा आहे. दांडी लावली की पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात, असं हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळण किती वेगाने घेतलं यांवर ठरतं. ही एकूण बेरीज दांडी बदलत नाही. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच ती बदलते. टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीतल्या दोन चाकांवरचा भार जास्त विषम होतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढची दांडी जाड केली, तर पकडीच्या मर्यादेजवळ नाक बाहेर जाण्याकडे कल वाढतो.

मग ती लावायचीच कशाला? कारण गाडी कमी कलते, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते आणि कलण्यामुळे तिरकं होणारं पुढचं चाक रस्त्यावर जास्त सरळ उभं राहतं. मागचं आतलं चाकही पूर्वीइतकं हलकं होत नाही, म्हणून वळणातून बाहेर पडताना ते जागीच गरगरत नाही. नाक थोडं बाहेर जाणं हे मागची बाजू अचानक निसटण्यापेक्षा सामान्य चालकाला केव्हाही सोसवणारं आहे.

याचा ठसठशीत दाखला अमेरिकेतला. शेवरोलेच्या कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं आणि १९६० च्या पहिल्या मॉडेलपासून मागे स्विंग अ‍ॅक्सल होता. त्यामुळे मागची बाजू निसटण्याचा धोका होता, तरी पुढची दांडी खर्चापायी गाळली गेली. त्याऐवजी पुढच्या टायरमध्ये बरीच कमी हवा ठेवून तोल सांभाळायचा, असा तोडगा होता. पण पंपावर हवा भरणारा चारही टायर सारखे भरून मोकळा होई. १९६४ च्या मॉडेलला पुढची दांडी आणि मागे आडवा पाटा मिळाला. राल्फ नेडर यांचं या गाडीवर तुटून पडणारं पुस्तक १९६५ मध्ये आलं, तोवर दुरुस्ती होऊनही गेली होती. काही डॉलरच्या पोलादी रॉडची किंमत किती असते, हे त्या तीन-चार वर्षांत दिसलं.

जाडीबद्दलचा अंदाजही हमखास चुकतो. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. नऊ-सोळांश इंचाच्या जागी पाऊण इंचाची घेतली, तर डोळ्यांना फरक फक्त एक-तृतीयांशाचा दिसतो. ताठपणा मात्र तिपटीहून जास्त होतो. सात-अष्टमांश इंचाची घेतली, तर जवळजवळ सहापट. रस्त्यावर फिरणाऱ्या एमजीबीला पुढे एवढी जाड आणि मागे काहीच नाही, ही जोडी वाईट. गाडी वळायलाच कुरकुरते.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण एक चूक सर्रास होते. एकच बाजू जॅकवर उचलून लिंकचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली घेतल्यावर लिंकच्या रबरी बुशांत कायमचा पीळ राहतो. गाडीचं वजन चारही चाकांवर आल्यावर, सपाट जमिनीवरच शेवटचं आवळायचं. दांडी डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून बुशांलगत रोधक हवेत. पॉलियुरेथेनचे बुश असतील, तर त्यांना योग्य ग्रीस लावलंच पाहिजे, नाहीतर ते करकरतात.

आणि झिजलेल्या गाडीवर दांडी हा उतारा नव्हे. एमजीबीच्या पुढच्या लीव्हर डॅम्परची बाही हीच तिची वरची विशबोन असते. त्या डॅम्परचं तेल गळालं, तर उसळी दबत नाही. त्याचं बेअरिंग सैल झालं, तर चाकच जागेवर राहत नाही. पिळाची दांडी यातलं काहीच सावरू शकत नाही. म्हणून चाक जॅकवर घेऊन आधी हाताने हलवून पाहावं, किंगपिन आणि विशबोनचे बुश तपासावेत, डॅम्पर दुरुस्त करून घ्यावा, आणि मगच दांडीचं खोकं उघडावं.