राज्यपाल, नकाराधिकार आणि राज्याचा अर्थसंकल्प

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत गव्हर्नर अर्थसंकल्पातील एखादीच तरतूद रद्द करून बाकीचा भाग मंजूर करू शकतो. भारतातील राज्यपालांना हा अधिकार नाही. तरीही राज्याच्या पैशावरून राज्यपाल आणि सरकार यांच्यात वाद होतात. ते कोणत्या टप्प्यावर होतात, हे या पाठात पाहू.

१. विधेयक संमत झाल्यानंतर

छत्तीसगड विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केलेली आरक्षणाची दोन विधेयके राज्यपालांच्या अनुमतीअभावी अडकली. ती साधारण विधेयके होती. अनुच्छेद २०० नुसार असे विधेयक फेरविचारासाठी परतही पाठवता येते. धन विधेयक मात्र परत पाठवता येत नाही. खर्चाला मंजुरी देणारे विनियोजन विधेयक हे धन विधेयकच असते. त्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. ते अडले, तर नव्या आर्थिक वर्षात पगारही थांबतील.

२. विधेयक मांडण्याआधी

अनुदानाची मागणी (अनुच्छेद २०३) आणि धन विधेयक (अनुच्छेद २०७) राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार द्यायची असते. पण खरी अडवणूक इथेच होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या राज्यपालांनी तीन धन विधेयके मांडण्यास मान्यता दिली नाही. बोलावलेले अधिवेशनच बेकायदा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनाच्या वैधतेवर शंका घेण्याचा अधिकार राज्यपालांना नाही, असा निर्णय दिला.

३. महाराष्ट्राचा अपवाद

दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे दाखवले. पुढे अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली आणि विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. त्यानुसार त्यांनी सिंचनासारख्या क्षेत्रांतील निधीवाटपाबाबत सरकारला निर्देश दिले. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. हा अधिकार नाकारण्याचा नाही, वाटप ठरवण्याचा आहे.

लक्षात ठेवा: अर्थसंकल्पाबाबत राज्यपालांचा प्रभाव शेवटच्या सहीपेक्षा आधीच्या शिफारशीत अधिक असतो.

स्वाध्याय: धन विधेयक परत पाठवण्याची मुभा राज्यपालांना दिली असती, तर विधानसभेला जबाबदार असलेल्या सरकारचे काय झाले असते?