मॉडेल हेलिकॉप्टरची मोटर निवडताना

मॉडेल हेलिकॉप्टरला जोर हवा म्हटले की अनेकजण सर्वांत मोठ्या केव्हीची मोटर घेतात. तिथेच चूक होते. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, एवढेच. ताकद ठरते ती व्होल्टेज आणि करंट यांवरून.

450 आकाराच्या हेलिकॉप्टरचे उदाहरण घ्या: 3500 केव्ही, 11.1 व्होल्टची बॅटरी, 13 दात्यांचा पिनियन (मोटरवरचा लहान गिअर), 150 दात्यांचा मुख्य गिअर. हिशेबाने पंख्याचे फेरे साधारण 3370. प्रत्यक्ष भाराखाली 2850च्या आसपास. फेरे थोडे वाढवायचे असतील तर मोटर बदलण्याआधी एका दात्याने मोठा पिनियन लावून पाहा. स्वस्तात काम होते. मात्र करंट वाढतो, म्हणून ईएससीची (मोटरच्या वेगनियंत्रकाची) अँपिअर मर्यादा तपासाच. बॅटरी 22.2 व्होल्टची केलीत, तर केव्ही जवळपास निम्मा हवा.

उडवण्याच्या जागेची उंचीही लक्षात घ्या. आमचे तळेगाव दाभाडे समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे थोडे जास्त फेरे लागतात. उड्डाणानंतर मोटरला बोट लावून ठेवता येत नसेल, तर पिनियन लहान करा.

जवळच देहूरोडचा लष्करी परिसर आहे. म्हणून उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा जरूर पाहा.